पहिल्या प्रशिक्षणाआधी

आशाताईंना वृद्धांच्या औषधांविषयी शिकवण्याची जबाबदारी तुम्ही घेतलीत, हे चांगले झाले. मात्र पहिल्याच दिवशी औषधशास्त्र शिकवायला बसू नका. नवा प्रशिक्षक हमखास तिथेच चुकतो.

आधी घरातली औषधांची पिशवी रिकामी करून पाहायला शिकवा. नागपूरच्या महाल भागातल्या एका आजींकडे मला रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनची दोन कंपन्यांची पाकिटे सापडली होती आणि दोन्ही गोळ्या त्या रोज घेत होत्या. म्हणून पाकिटावरचे ठळक नाव नव्हे, तर बारीक अक्षरांतले मूळ नाव वाचण्याचा सराव तासभर तरी करून घ्या.

‘समजलं ना?’ असे विचारण्याची सवय मोडावी, कारण आजोबा मान डोलावतातच. ‘रात्रीची गोळी कोणती, दाखवा बरं,’ असे म्हणावे.

एसआर किंवा एक्सआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून देऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे इन्सुलिन फ्रीजमध्ये, परंतु बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायला सांगावे; फ्रीज नसल्यास मातीच्या मडक्याचा गारवा उपयोगी पडतो.

गोळी बदलणे किंवा बंद करणे हे डॉक्टरांचेच काम आहे. औषधांच्या परस्परक्रिया दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवा.