‘हेच विद्यापीठ का?’ या निबंधाविषयी

सप्रेम नमस्कार,

तुम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूरला पीयूसीच्या द्वितीय वर्षात (म्हणजे बारावीत) आहात, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात अर्ज करणार आहात, आणि ‘आमच्याकडेच का शिकायचे आहे?’ या निबंधात क्रमवारी, नामवंत प्राध्यापक आणि निसर्गरम्य परिसर यांविषयी लिहिले तर पुरेल का, असे विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही. विद्यापीठाला स्वतःची कीर्ती ठाऊकच असते. तिथे येऊन तुम्ही नेमके काय शिकणार आणि ते तुम्हाला का हवे आहे, एवढेच त्यांना तुमच्याकडून ऐकायचे असते.

पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की, पावसाळ्यात तुमच्या शेतात पाणी साचते आणि उन्हाळ्यात त्याच गावची विहीर आटते. निबंध इथून सुरू व्हावा. कणकुंबीच्या मुसळधार पावसात उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीकडे कोरडवाहू मुलखात जाते; २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्याच पुराने जिल्ह्यात हाहाकार उडवला. हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीला मातीत पाणी का मुरत नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे आणि तो सर्वस्वी तुमचा आहे. आता त्याला कॉर्नेलशी जोडा. अमेरिकेच्या १८६२ च्या कायद्यानुसार शेती आणि तंत्रशिक्षणासाठी मिळालेल्या जमिनीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठांपैकी ते एक असून, संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची त्याची विस्तारसेवा आजही चालते. मृदा आणि जलव्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांची वर्णने संकेतस्थळावर शांतपणे वाचा, त्यांतले दोनच विषय निवडा आणि त्यांतून तुमच्या प्रश्नाचा कोणता भाग सुटेल ते लिहा. प्राध्यापकांच्या नावांची जंत्री देण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे आहे.

सीमाप्रश्नावर लिहावे का, असेही तुम्ही विचारले आहे. १९५६ पासूनची ही वेदना आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची आहे. पण ती राज्यशास्त्र किंवा भाषाविज्ञानाच्या अर्जात शोभेल, मृदाशास्त्राच्या निबंधात ती विषयाबाहेरची ठरेल.

निबंध कोणत्याही सल्लागाराकडून लिहून घेऊ नका. इंग्रजी साधे असले तरी चालते, मात्र ते तुमचेच असले पाहिजे. मनातले आधी मराठीत उतरत असेल तर तसे उतरवा आणि नंतर इंग्रजीत नव्याने लिहा.

कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक अर्जाचा, ६५० शब्दांपर्यंतचा मुख्य निबंध वेगळा असतो. त्यातला मजकूर इथे पुन्हा नको. कॅलिफोर्निया विद्यापीठ ‘आमच्याकडेच का?’ हा प्रश्न विचारतच नाही. तिथे आठांपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे द्यायची असतात. ब्रिटनमधील विद्यापीठांसाठीच्या सामाईक अर्जात (यूकास) एकच निवेदन पाचही पर्यायांना जाते, म्हणून त्यात कोणत्याही एका विद्यापीठाचे नाव घेऊ नये.

अमेरिकेतील नियमित अर्जांची मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि त्यानंतर लगेच तुमच्या प्रात्यक्षिकांचे व बोर्डाच्या परीक्षेचे दिवस येतात. त्यामुळे पहिला मसुदा दिवाळीच्या सुट्टीतच पूर्ण करा आणि मला पाठवा. मी तो मनापासून वाचून कळवीन.