सोनोग्राफी नॉर्मल, तरी पित्तनलिकांचा आजार कसा?

प्रश्न : पत्नीचे अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबले की रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढले आहे, एएमए (मायटोकॉन्ड्रियाविरुद्धच्या प्रतिपिंडांची) चाचणी पॉझिटिव्ह आली, सोनोग्राफी मात्र नॉर्मल. डॉक्टर 'पीबीसी' (प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिस) म्हणतात. असे कसे?

उत्तर : पीबीसीत यकृतातल्या अतिसूक्ष्म नलिका बिघडतात. त्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत. नलिकांचे अस्तर असलेल्या पेशी, म्हणजे कोलॅन्जिओसाइट, नुसत्या नळाच्या भिंती नव्हेत. त्या पित्तात बायकार्बोनेट सोडतात, आयजीए प्रतिपिंडे पित्तात पोचवतात, जिवाणूंचे अंश ओळखतात आणि इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ ही संदेशवाहक प्रथिने सोडून संरक्षक पेशींना बोलावतात. पीबीसीत हे बोलावणे अंगाशी येते. मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांतल्या) पीडीसी-ई२ प्रथिनाला परके समजून टी-पेशी (एक प्रकारच्या संरक्षक पेशी) याच अस्तरावर तुटून पडतात. त्यातच बायकार्बोनेटचे कवच विरळ झाले की पित्ताम्लेही पेशींना जाळतात. नलिका नष्ट होतात, पित्त तुंबते, पुढे फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणासारखी कडक ऊती साचणे.

उपचार अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडचा (थोडक्यात 'अर्सो') : रोज दर किलो वजनामागे १३ ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला ७८० ते ९००. डोस कमी पडणे ही नेहमीची चूक. वजन बदलले की हिशेब पुन्हा करून घ्या. या आजारातल्या खाजेसाठी कोलेस्टायरामिन हे औषध चालू असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर ते अर्सोला आतड्यातच अडकवते. वर्षभराने फॉस्फेटेज व बिलिरुबिन पाहून दुसरे औषध जोडायचे का, ते डॉक्टर ठरवतील.