बायबलच्या वचनांची सूची करताय? आधी हे ठरवा

लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकुराची छपाईसाठी मांडणी करणारी संगणक-प्रणाली) प्रवचनं किंवा प्रबंध लावताना बायबलचे संदर्भ हाताने टाइप करू नका. 'बायबलरेफ' हे लाटेकचं जोड-पॅकेज घ्या. त्यातली 'बायबलव्हर्स' आज्ञा संदर्भ नुसता छापते. आज्ञेच्या नावाआधी 'आय' हे अक्षर लावलंत की तोच संदर्भ सूचीतही जातो. पुस्तकांची नावं इंग्रजी येतात, पण 'सेटबुकटायटल'ने उत्पत्ति, योहान अशी मराठी करून घेता येतात. अध्याय आणि वचनामध्ये स्वल्पविराम की अपूर्णविराम, हे शैली बदलून एका ओळीत निस्तरतं.

खरी कटकट क्रमाची. सूची स्वतः लिहीत असाल तर मेकइंडेक्स (नोंदी क्रमाने लावणारा प्रोग्राम) १:१० ला १:२ च्या आधी बसवतो, कारण तो अक्षरागणिक तुलना करतो. म्हणून क्रमाची खूण वेगळी द्या, इंग्रजी आकड्यांत: पुस्तकाला दोन अंक, अध्याय आणि वचनाला तीन-तीन. तीन कशाला? स्तोत्रं १५० आहेत, आणि ११९व्या स्तोत्रात १७६ वचनं!

आणि हो, पुस्तकं ६६ धरायची की कॅथलिक परंपरेची ७३, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. नंतर सगळे क्रमांक सरकतात. जुन्या लॅटिन बायबलवरून उतारे घेताय? मग तिथलं २२वं स्तोत्र म्हणजे आपलं २३वं, तेवढं सांभाळा.