सीआरपी ६.२ आला म्हणून लगेच गोळी नको

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचं वय ४१, वजन ८६ किलो, उपाशीपोटी साखर १०८, आणि एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) ६.२ आल्यापासून घरात कुणाला झोप नाही. तो उतरवायला गोळी कोणती, असं विचारताय.

आधी एक आठवा. रक्त दिलं त्या आठवड्यात सर्दी, ताप, सुजलेली हिरडी, एखादी जखम, असं काही होतं का? मी सोलापुरात बावीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढतोय. एकदा यंत्रमागावरचे एक काका अंगठ्याला कापडाची पट्टी गुंडाळून आले, आत पू झालेला. सीआरपी १४! हार्टचं काही निघणार म्हणून बिचारे घामाघूम. जखम भरल्यावर तीन आठवड्यांनी परत केला तर २.१. सीआरपी हे प्रथिन यकृतात बनतं आणि अंगात कुठंही संसर्ग झाला की काही तासांत चढतं. हृदयाच्या हिशोबात १ च्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त. १० च्या पुढचा आकडा त्यात धरतच नाहीत, आधी संसर्ग शोधतात. म्हणून बरं वाटत असताना, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

तेव्हाही ३ च्या वरच राहिला, तर मात्र पोटाकडे बघा. चरबी नुसती साठून बसत नाही. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगल्या की तिथं मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी जमतात आणि इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी रसायनं सुटतात. पहिलं यकृताला सीआरपी बनवायला लावतं, दुसरं पेशीत इन्सुलिनचा, म्हणजे साखर आत घेण्याचा, निरोप अडवतं. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ दिसला तो १९९३ साली. ही दोन रसायनं मोजायला पैसे घालू नका, उपचार त्यानं बदलत नाही.

त्याऐवजी उपाशीपोटी इन्सुलिन करा. इन्सुलिन गुणिले साखर, भागिले ४०५. समजा इन्सुलिन १८ आलं, तर १०८ साखरेला उत्तर ४.८. साधारण अडीचच्या वर गेलं की इन्सुलिनला दाद मिळत नाहीये असं धरतात. सोबत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (यकृताची चाचणी) बघा. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) वाढलेलं दिसलं तर लोह भरपूर आहे असं समजू नका, सुजेत तेही चढतं.

आणि नुसत्या वजनावर जाऊ नका. पुण्याच्या मधुमेह संशोधक डॉ. याज्ञिकांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो दिला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

गोळीचं म्हणाल तर स्टॅटिननं (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सीआरपी उतरतो, पण ती द्यायची का हे फिजिशियन कोलेस्टेरॉल, बीपी, तंबाखू बघून ठरवतील. तुमच्या हातात आहे ते ८६ चं ८१ करणं. कडक भाकरी सोडू नका, शेंगाचटणीवर ओतलेलं तेल आणि रात्री अकराचं जेवण सोडा. आज रात्री टेप घेऊन मिस्टरांच्या पोटाचा घेर मोजा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा आहे. किती भरला ते कळवा.