‘लिमिटला सौम्य अंडरस्टिअर’ म्हणजे नेमकं काय? एका वाक्याची फोड

तुम्ही लिहिलंय की गाडी शिकून चार महिने झाले, आता रिव्ह्यू बघायचा नाद लागलाय आणि त्यातलं हे वाक्य तीनदा ऐकूनही डोक्यावरून गेलं: ‘लो-एंडला दम नाही, १८०० च्या वर टर्बो जागा होतो, लिमिटला सौम्य अंडरस्टिअर, ट्रेल ब्रेक केलं की छान रोटेट होते, पेडल हील-टोला बरी आहेत, बॉडी रोल आहे पण गाडी प्लँटेड.’ वर विचारलंय, अशा शब्दांची यादी मिळेल का, पाठ करीन.

यादी देत नाही. मी सुरुवातीला केली होती तशी, वहीत, अर्थासकट. गाडीत बसल्यावर त्यातलं एकही ओळखता आलं नाही. हे शब्द पाठ करून कळत नाहीत, कारण ते हाताला, पायाला आणि बुडाला जे जाणवतं त्याची नावं आहेत. तेव्हा तुमचंच वाक्य ओळीने घेऊ आणि प्रत्येक ठिकाणी विचारू, हे मला कुठे जाणवेल?

‘लो-एंडला दम नाही’. इथे टॉर्क आणि पॉवर आधी सोडवावं लागेल, त्याशिवाय पुढे गाडं हलणार नाही. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचं वजन टांगलं तर नटावर जवळजवळ २०० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. नट फिरो वा न फिरो, जोर आहेच. पॉवर म्हणजे तो जोर लावत तुम्ही किती भराभर फिरवताय. हिशेब सोपा आहे: टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले ९५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. २०० न्यूटन-मीटर २००० आरपीएमला मिळत असेल तर सुमारे ४२ किलोवॅट. तोच टॉर्क ४००० ला टिकला तर ८४. म्हणजे पॉवर ही वेगळी चीज नाही, टॉर्क किती वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकतो यावर ती ठरते.

म्हणून ‘टॉर्क भारी की पॉवर भारी’ या वादात पडू नका, त्याला अंत नाही. एखादं डिझेल इंजिन ४००० ला २२० न्यूटन-मीटर देतं आणि एखादं पेट्रोल ६३०० ला १४०. गुणाकार करून बघा, दोघांची पॉवर ९२ किलोवॅटच्या आसपास येते. पेट्रोलवाल्याला तिथे पोचायला गिअर उतरवून इंजिन ओरडू द्यावं लागतं. डिझेलवाला चढावर त्याच गिअरमध्ये नुसता पाय दाबतो. हे नुसतं पाय दाबून गाडी ओढणं, खालच्या आरपीएमला, म्हणजे लो-एंड. जाणवतं कुठे? गतिरोधक ओलांडल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पहिल्या दोन सेकंदांत.

पॉवरच्या एककांचा घोळही इथेच मिटवू. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी म्हणजे ७३.५ किलोवॅट. एकाच इंजिनाचे तीन आकडे दिसले तर कोणी फसवत नाहीये.

‘१८०० च्या वर टर्बो जागा होतो’. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या झोताने फिरणारी चक्की. तिच्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून जोर जास्त. ही चक्की मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकते, पण झोतच अशक्त असेल तर ती बिचारी काय करणार? तिला पुरेसा झोत ज्या आरपीएमपासून मिळू लागतो तो आकडा म्हणजे बूस्ट थ्रेशोल्ड. या गाडीत तो १८०० दिसतो. लॅग वेगळा. तुम्ही २५०० ला आहात, झोत पुरेसा आहे, पाय दाबलात आणि चक्कीने वेग घेईपर्यंत जो क्षण गेला, तो लॅग.

हा फरक मला एका जुन्या मेकॅनिकने शिकवला. मी चौथ्या गिअरमध्ये, १२०० आरपीएमला, पाय पूर्ण दाबून त्याला ऐटीत म्हणालो, ‘बघा, केवढा लॅग आहे.’ तो म्हणाला, ‘लॅग नाही, गिअर उतरवायचा आळस आहे.’ खरं होतं. त्या अवस्थेला लगिंग म्हणतात: इंजिन खालच्या फेऱ्यांत आणि पाय खोल. गाडी थरथरते, घशातून कण्हल्यासारखा आवाज येतो. इंजिनाला ते सोसत नाही, सवय लावू नका. टर्बो नसलेल्या इंजिनाला एनए म्हणतात, नॅचरली अॅस्पिरेटेड. ते पायाला लगेच उत्तर देतं, मात्र जोर हवा असेल तर त्याला वर न्यावंच लागतं. वरची हद्द म्हणजे रेडलाइन, आरपीएमच्या मीटरवरचा लाल पट्टा.

आता वाक्याचा गाभा: अंडरस्टिअर. यासाठी इंजिन विसरा आणि टायरकडे या. धावणारी गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाण तळहाताएवढं. ब्रेक, वळण, पिकअप, सगळं या चार तळहातांतून जातं. प्रत्येकाची पकड मोजकी. ती ब्रेकवर खर्च केलीत तर वळायला कमी उरते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण टायरला जितकी लागू आहे तितकी क्वचितच कशाला असेल. याच हिशेबाला इंग्रजीतली मंडळी फ्रिक्शन सर्कल म्हणतात.

दुसरी गोष्ट वजनाची. ब्रेक लावला की गाडीचं नाक दबतं, भार पुढच्या टायरांवर जातो, त्यांची पकड वाढते आणि मागच्यांची घटते. पिकअप दिला की उलट. वळताना बाहेरच्या बाजूच्या टायरांवर भार. यालाच वेट ट्रान्सफर म्हणतात. माझ्या मते नवख्याने शंभर शब्द सोडून हा एक आधी आत्मसात करावा, कारण निम्मे बाकीचे त्याचीच पोरं आहेत.

तर वळणात वेग जास्त झाला आणि पुढच्या टायरांची पकड आधी संपली, की तुम्ही स्टिअरिंग जेवढं फिरवलंय त्यापेक्षा गाडी कमी वळते, नाक बाहेर बाहेर जातं. हा अंडरस्टिअर. हाताला जाणवतो: स्टिअरिंग हलकं, पोकळ लागतं. माणूस घाबरून आणखी फिरवतो आणि काहीच होत नाही, कारण संपलेल्या पकडीकडे अजून मागणी चाललीय. पाय हळू उचला, स्टिअरिंग किंचित सोडा, टायर पुन्हा धरतो. मागच्या टायरांची पकड आधी संपली तर शेपूट बाहेर येतं, गाडी मागितल्यापेक्षा जास्त वळते. तो ओव्हरस्टिअर आणि तो हाताआधी बुडाला कळतो. तिथे नजर जायचंय तिकडे ठेवून स्टिअरिंगही तिकडेच फिरवायचं. दचकून ब्रेक दाबला तर मागचं उरलंसुरलं वजनही पुढे पळतं आणि गाडी गिरकी घेते. अमेरिकेतल्या ओव्हल ट्रॅकवरची मंडळी यांनाच ‘टाइट’ आणि ‘लूज’ म्हणतात, कुठे ऐकलंत तर गोंधळू नका.

‘सौम्य’ हा शब्द महत्त्वाचा. कंपन्या रोजच्या गाड्या मुद्दाम अंडरस्टिअरकडे झुकत्या ठेवतात, कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि अंडरस्टिअर बहुधा पाय उचलल्याने आवरतो. म्हणजे रिव्ह्यूमध्ये ती तक्रार वाटली तरी तुमच्या-माझ्यासाठी ते वरदान आहे. आणि ‘लिमिटला’ म्हणजे पकड संपायच्या टोकाला. सार्वजनिक रस्त्यावर ते टोक शोधायला जायचं नसतं. चुकून त्या वाटेला लागलात तर ईएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, मध्ये पडते, एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. डॅशबोर्डवर नागमोडी रेघांच्या गाडीचा दिवा लुकलुकला तर समजा, आत्ता तुमचं काम तिने केलं.

‘ट्रेल ब्रेक केलं की छान रोटेट होते’. शाळेत शिकवतात, ब्रेक वळणाआधी संपवा. रस्त्यावर तेच बरोबर. ट्रॅकवर मात्र ब्रेक वळणात थोडा आत नेतात आणि स्टिअरिंग जसजसं वाढतं तसतसा पाय सैल करत जातात. ब्रेकमुळे पुढच्या टायरांवर वजन टिकतं, नाक चावतं, मागचा भाग हलका होऊन गाडी स्वतःभोवती किंचित फिरते. हे रोटेशन. वजनाची गोष्ट कळली असेल तर हे सांगावंही लागू नये. त्याचाच आडदांड भाऊ म्हणजे लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर: वेगात वळताना अचानक पाय उचलला, वजन पुढे गेलं, शेपूट सुटलं. हे मी पाण्याने ओल्या केलेल्या बंदिस्त मैदानावर, प्रशिक्षक शेजारी असताना अनुभवलंय. दीड फेरी झाली. पाय उचलणं हीसुद्धा गाडीला दिलेली आज्ञा असते, हे त्या दिवशी कळलं.

‘पेडल हील-टोला बरी आहेत’. हा शब्द नावाने फसवतो. टाच आणि अंगठा वापरणारे थोडेच. बहुतेक जण पावलाचा डावा भाग ब्रेकवर ठेवून उजव्या कडेने अॅक्सिलरेटरला टिचकी मारतात. कशासाठी? चौथ्यात ३००० आरपीएमला आहात, ब्रेक लावत तिसरा टाकायचाय. त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन सुमारे ४००० ला हवं. क्लच तसाच सोडलात तर ते वरचे हजार फेरे चाकांना ओढून आणावे लागतात, म्हणून झटका बसतो. क्लच सोडण्याआधी रेस देऊन फेरे जुळवले तर झटका नाही. नुसतं फेरे जुळवणं म्हणजे रेव्ह मॅचिंग. ब्रेकवरचा पाय न काढता तेच करणं म्हणजे हील-टो. ‘पेडल बरी’ म्हणजे दोन पेडल जवळजवळ एका पातळीत आहेत. तुम्ही आधी साधं रेव्ह मॅचिंग शिका, ब्रेकशिवाय, रिकाम्या रस्त्यावर. डबल क्लच, म्हणजे एका गिअरबदलासाठी क्लच दोनदा दाबणं, हा शब्द त्याच सुमारास कानावर येईल. तो सिंक्रोमेश (गिअरचे फेरे आपोआप जुळवणारी रचना) नसलेल्या जुन्या गिअरबॉक्सचा वारसा. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं आणि हळूहळू त्याची गरज सरली.

ऑटोमॅटिकवाल्यांचे शब्द पटकन: सीव्हीटीमध्ये (गिअरच्या ठरावीक पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) पाय दाबल्यावर आवाज आधी आणि वेग मागून येतो, तो ‘रबर बँड इफेक्ट’. एएमटीत (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र चालवतं) गिअर बदलताना मान डुलते. डीसीटीत (दोन क्लचचा गिअरबॉक्स) पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल क्षणात. टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाचा जोर तेलातून पुढे पोचवणारा जुना ऑटोमॅटिक) अशा दोषांची नावं फारशी चिकटली नाहीत.

बाहेरचेही दोन-तीन शब्द सांगतो, कारण लोक ते चुकीचे फेकतात. जेडीएम म्हणजे कुठलीही जपानी गाडी नव्हे. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनवलेली गाडी. तिथल्या कंपन्यांमध्ये १९८९ पासून २००४ पर्यंत २८० पीएसच्या वर आकडा जाहीर करायचा नाही असा आपसातला समझोता होता, त्यामुळे त्या काळच्या कागदोपत्री २८० ला काही जण अजूनही हसतात. स्लीपर म्हणजे दिसायला गरीब गाय, पण धावायला वाघ. आणि ‘स्टॉक’ म्हणजे कंपनीतून आली तशी, काही न बदललेली.

राहिलं ‘बॉडी रोल आहे पण प्लँटेड’. रोल म्हणजे वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलणं. कलली म्हणजे पकड सुटली असं नाही. मऊ स्प्रिंगच्या गाड्या भरपूर कलून नीट धरून राहतात. इथे तीन शब्द वेगळे ठेवा. ग्रिप म्हणजे पकड किती. हँडलिंग म्हणजे पकड संपत येताना गाडी तुम्हाला सांगते कशी आणि वागते कशी. राइड म्हणजे खड्ड्याचा धक्का तुमच्यापर्यंत किती पोचतो. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ टनाहून हलकी होती, पॉवर बेताची, टायर अरुंद, तरी हँडलिंगचं नाव निघालं की लोक तिचंच नाव घेतात.

‘प्लँटेड’ हा मात्र सगळ्यात ढिला शब्द आहे. बहुधा त्यांना म्हणायचं असतं की वेगात लहान उंचवटे किंवा आडवा वारा आला तरी गाडी रेघ सोडत नाही. पण कोणत्या वेगाला, कसल्या रस्त्यावर, कोणत्या टायरवर? टायर वेगळे लावले की गाडीचा स्वभाव बदलतो. तुमच्या टायरच्या भिंतीवर २०५/५५ आर१६ ९१व्ही असं काहीतरी असेल: रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के म्हणजे ११३ च्या आसपास, रिम १६ इंची, एका टायरला ६१५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटरपर्यंतची ताकद. रिव्ह्यूमधल्या गाडीला वेगळा आकार असेल तर तिचं ‘प्लँटेड’ तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही. म्हणून त्या शब्दावर मी फारसा वेळ घालवत नाही.

पुढचं वाक्य अडलं तर तेही टाका. फक्त सोबत दोन गोष्टी लिहा: गाडीला पुढची चाकं ओढतात की मागची ढकलतात, आणि बोलणारा रस्त्यावर बोलतोय की ट्रॅकवर.