मेकॅनिकलवाल्याला हृदयाच्या मॉडेलिंगमध्ये जागा आहे का?

प्रश्न : सर नमस्कार, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीएफडी (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवर गणित) आवडतं, पायथन बऱ्यापैकी येतं. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून हृदय आणि रक्तप्रवाहाच्या कॉम्प्युटर मॉडेलिंगमध्ये रिसर्च करायचं डोक्यात आहे, पण बारावीला बायोलॉजी नव्हती. मला कोण घेणार? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : अरे, बायोलॉजीसाठी अडून राहू नकोस. १९६० मध्ये डेनिस नोबल यांनी हृदयाच्या पेशीतल्या विजेचं मॉडेल केलं, ते मूळचे फिजिऑलॉजीचे, लागणारं गणित त्यांनी नंतर शिकून घेतलं. तुझं गणित आधी झालंय, फिजिऑलॉजी आता शीक, एक चांगलं टेक्स्टबुक नीट वाचलंस तरी सुरुवातीला पुरतं.

वडिलांचा विषय निघालाच म्हणून सांगतो, कोरोनरी ब्लॉक किती गंभीर आहे हे बघायला एफएफआर, म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या आणि अलीकडच्या प्रेशरचं गुणोत्तर, काढतात, त्यासाठी बारीक प्रेशर वायर थेट धमनीत घालावी लागते, पण आता सीटी स्कॅनवरून धमनीचा आकार घेऊन सीएफडीने तोच आकडा काढता येतो, हार्टफ्लो कंपनीच्या या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये मान्यता दिली. म्हणजे तुझ्याच विषयाचं काम.

पण लगेच आख्खं हृदय थ्रीडीत करायला जाऊ नकोस, बरीच मुलं तिथेच अडकतात. आधी विंडकेसल मॉडेल कर, म्हणजे सगळ्या धमन्या मिळून एक साधं मॉडेल: एक रेझिस्टन्स (प्रवाहाला अडथळा), एक कम्प्लायन्स (धमन्यांचा लवचीकपणा), बस. रेझिस्टन्स १.१ आणि कम्प्लायन्स १.५ घे (मिमी पारा, मिली आणि सेकंद या युनिट्समध्ये), महाधमनीची झडप बंद होताना प्रेशर १२० धर, अर्ध्या सेकंदात ते ८९ च्या आसपास उतरतं. आता कम्प्लायन्स निम्मा कर, तेच ६५ पर्यंत खाली येतं! म्हाताऱ्या माणसांच्या धमन्या कडक झाल्या की वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर का वाढतं ते तुला स्वतःच्या ग्राफवर दिसेल, आणि हे एका संध्याकाळचं काम आहे. मग रक्तप्रवाहासाठी सिमव्हॅस्क्युलर, हृदयातल्या विजेसाठी ओपनकार्प, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

पीएचडीसाठी बाहेर ऑकलंडची बायोइंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट, लंडनचं किंग्ज कॉलेज, ओस्लोची सिम्युला ही संशोधन संस्था बघ. नॉर्वेत पीएचडी म्हणजे पगारी नोकरी असते, घरच्यांना हे आवर्जून सांग. जॉन्स हॉपकिन्सला नतालिया त्रायानोवा पेशंटच्या स्कॅनवरून व्हर्च्युअल हृदय करून ॲब्लेशन (ठोके बिघडवणारा हृदयाचा भाग जाळून निकामी करणं) कुठे करायचं ते ठरवण्यावर काम करतात. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीत राहुल पंडित आणि चेन्नईच्या आयएमएससीत सिताभ्र सिन्हा यांनी हृदयाचे ठोके बिघडवणाऱ्या विजेच्या लहरींवर बरंच काम केलंय, त्यांचे पेपर वाच.

प्रोफेसरांना मेल करताना 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड' एवढंच लिहू नकोस, तसे मेल त्यांना ढिगाने येतात. तुझा विंडकेसलचा ग्राफ आणि कोड जोड, त्यांच्याच एखाद्या पेपरवर एक नेमका प्रश्न विचार आणि आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर परत एकदा लिही.