मेलबर्न शहराच्या इतिहासाबद्दल आणि संस्कृतीबद्दल काही रंजक गोष्टी सांगाल का?

मेलबर्नला आलो त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने मला विचारलं, "तू मुंबईचा ना? मग आमचं स्टेशन कधी परत करताय?" मला काही कळेना. मग त्याने सगळी कथा सांगितली. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनचा आराखडा म्हणे मुंबईसाठी काढला होता आणि व्हीटीचा मेलबर्नसाठी. विलायतेहून टपालाने पाठवताना पाकिटांची अदलाबदल झाली आणि दोन्ही शहरांनी हाती आलं ते बांधून टाकलं.

ही कथा इथे बऱ्याच जणांना माहीत आहे आणि ती साफ खोटी आहे. व्हीटीचं काम 1878 साली सुरू होऊन 1888 मध्ये संपलं. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्यासाठी स्पर्धा लागली ती 1899 साली. जिंकले ते रेल्वेतलेच दोन नोकरदार, फॉसेट आणि ॲशवर्थ. इमारत पुरी व्हायला 1910 उजाडलं. एवढ्या वर्षांच्या अंतराने पाकिटं बदलायची म्हणजे टपालखातं फारच कर्तबगार हवं! पण पिवळसर भिंती आणि वर हिरवट घुमट असलेल्या त्या इमारतीसमोर उभं राहिलं की आपण बोरीबंदरला आलोय असं क्षणभर मलाही वाटतं, हे खरं.

या स्टेशनच्या दारावर घड्याळांची एक रांग आहे. कुठल्या मार्गाची पुढची गाडी किती वाजता, ते ती दाखवतात. आपण जसं "इंडिकेटरखाली भेटू" म्हणायचो, तसं इथे "घड्याळांखाली भेटू" म्हणतात. पूर्वी एक माणूस लांब काठी घेऊन दिवसभर त्यांचे काटे सरकवत असे. 1983 साली ती काढून डिजिटल पाट्या लावायचं ठरलं, तर लोकांनी असा गदारोळ केला की निर्णय लगोलग मागे घ्यावा लागला. आता काटे कॉम्प्युटर फिरवतो, पण घड्याळं तीच आहेत.

आता इतिहास. हे शहर वसवणाऱ्यांपैकी एकाचं नाव जॉन बॅटमन. थट्टा नाही, खरंच बॅटमन. शहराला 'बॅटमेनिया' म्हणावं असंही एक नाव तेव्हा पुढे आलं होतं. शेवटी 1837 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या, लॉर्ड मेलबर्न यांच्या नावावर शिक्कामोर्तब झालं, नाहीतर मी आज बॅटमेनियात राहतो म्हणून घरी कळवलं असतं. या बॅटमनने जून 1835 मध्ये इथल्या वुरुंजेरी या मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांशी करार करून सुमारे 6 लाख एकर जमीन 'विकत' घेतली. बदल्यात काय, तर घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या, पीठ. शिवाय दरवर्षी असाच काही माल देण्याचा वायदा. त्या वडीलधाऱ्यांच्या लेखी हा जमीन विकण्याचा व्यवहार नसावा, पाहुण्याला आपल्या मुलखात तात्पुरतं राहू देण्याचा त्यांचा 'टांडेरम' नावाचा रिवाज असावा, असं बरेच इतिहासकार मानतात.

यातली खरी मेख पुढे आहे. दोन-अडीच महिन्यांत ब्रिटिश गव्हर्नर बर्कने करार रद्द केला. फसवणूक झाली म्हणून नव्हे. जमीन मुळात राजाची, ती विकायचा मूळ रहिवाशांना हक्कच नाही, म्हणून! म्हणजे एकाने फुटकळ मालात जमीन घेतली आणि दुसऱ्याने तेवढंही द्यायची गरज नाही असं ठरवून टाकलं. नदीच्या नावाचीही अशीच गत झाली. तिचं जुनं नाव बिरारंग. एका भूमापकाने धबधब्याकडे बोट दाखवणाऱ्यांच्या तोंडून 'यारा यारा' ऐकलं आणि तेच नदीचं नाव समजून लिहून घेतलं. तो शब्द वाहत्या, कोसळत्या पाण्याचा होता. धबधबा पुढे सुरुंग लावून उडवला, नाव मात्र आजही यारा.

1851 साली आसपासच्या भागात सोनं सापडलं आणि मेंढपाळांचं गाव बघता बघता श्रीमंत शहर झालं. त्याविषयी सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून मी थांबत नाही. एक मात्र सांगतो. 21 एप्रिल 1856 रोजी विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि संसदेवर मोर्चा नेला. मागणी एकच, दिवसाला आठ तास काम. आणि पगार न कापता ती मिळाली! रसेल स्ट्रीटच्या टोकाला त्याचं स्मारक आहे, वर तीन आठ कोरलेले: आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. आमच्या ऑफिसपासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. मी रोज सात वाजता त्याच्यासमोरून घरी जातो.

सिडनीशी भांडण म्हणाल तर ते पुणे-मुंबईसारखं, फक्त यांनी ते थेट राज्यघटनेत घातलं. राजधानी सिडनीच्याच राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये, असेल, पण सिडनीपासून किमान 100 मैल लांब, आणि ती बांधून होईपर्यंत संसद मेलबर्नला भरेल, असं तिथे चक्क लिहिलंय. म्हणून 1901 ते 1927 देशाचा कारभार इथून चालला आणि मग कॅनबेराला गेला.

गाडी चालवणार असाल तर 'हुक टर्न' आधी शिकून घ्या. मध्यवस्तीत काही चौकांत उजवीकडे वळायचं तर अगदी डाव्या कडेला जायचं, चौकात पुढे सरकून थांबायचं आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की उजवीकडे वळायचं. रस्त्याच्या मधोमध ट्राम धावते, वळणाऱ्या गाड्यांनी तिची वाट अडवू नये म्हणून हा उपद्व्याप. पहिल्यांदा मी सवयीने उजव्या बाजूला, थेट रुळांवर थांबलो. मागून ट्रामवाल्याने जी घंटा बडवली, ती आरतीलाही लाजवेल अशी होती.

हवेचं सांगायचं तर संक्रांतीला आम्ही तिळगूळ खातो तेव्हा वाळवंटाकडून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्याने पारा चाळिशी गाठलेला असतो. दुपारी वारा फिरून दक्षिण समुद्राकडून आला की तासाभरात स्वेटर शोधावा लागतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. टॉम विल्स हा इथला नामांकित क्रिकेटर. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांच्या अंगात आळस भरू नये म्हणून काहीतरी खेळ हवा, असं त्याने 1858 मध्ये लिहिलं. 1859 मध्ये त्याने आणि इतरांनी मिळून नियम केले. तोच आजचा 'फूटी', म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, ज्याच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी इथे सार्वजनिक सुट्टी असते. 1861 साली क्वीन्सलँडमध्ये टॉमच्या वडिलांसह 19 जणांना मूळ रहिवाशांनी ठार मारलं. सूड म्हणून त्याच्या कितीतरी पट मूळ रहिवाशांची कत्तल झाली. आणि त्यानंतर पाचच वर्षांनी हाच टॉम आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडल्या मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाला शिकवायला गेला, आणि 1866 च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे 26 डिसेंबरला, त्यांना घेऊन एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, उतरला. त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

त्या संघात जॉनी मुल्लाघ होता. मूळ नाव उनारिमिन. 1868 मध्ये हे लोक इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. परदेशी दौरा करणारा हा पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ. एकट्या मुल्लाघने तिथे 1,698 धावा केल्या आणि 245 बळी घेतले. परत आल्यावर वर्षभरात व्हिक्टोरियात कायदा आला आणि मूळ रहिवाशांच्या राहण्या-फिरण्यावर सरकारचा ताबा आला. असा दौरा पुन्हा काढायची सोय उरली नाही.

डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला 36 मध्ये गारद झालेला आपला संघ मेलबर्नला आला, कोहली घरी परतलेला. कप्तान अजिंक्य रहाणेने 112 काढले, आपण आठ गडी राखून जिंकलो. बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला त्या वर्षीपासून मुल्लाघ पदक द्यायचं ठरलं होतं. त्याचा आकार 1868 च्या संघाच्या पट्ट्यावरच्या बक्कलसारखा आहे. ते पहिलं पदक डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेल्या पोराला मिळालं. मीही डोंबिवलीचाच, त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्या घरी काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

एमसीजीला गेलात तर बाहेर टॉम विल्सचा पुतळा बघा. हातात बॅट नाहीये. शाळेच्या पोरांच्या फुटबॉल सामन्यात तो पंच म्हणून उभा आहे.